पुढच्या मोसमाचा आडाखा : ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या डावपेचांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

मेलबर्नमध्ये संख्याशास्त्राचे किंवा विश्लेषणाचे शिक्षण घेणारे मराठी विद्यार्थी खेळाच्या क्षेत्रात काम शोधू लागले की साहजिकच आधी क्रिकेटकडे वळतात. या शहरात मार्च ते सप्टेंबर ट्राममध्ये, कचेरीत आणि शाळेच्या फाटकापाशी जो खेळ बोलला जातो तो मात्र ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे इथल्या लोकांची ‘फूटी’. विश्लेषक म्हणून हात बसवायला त्याच्याइतके मोकळे क्षेत्र इथे दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे. मी उपनगरी क्लबांसाठी सामन्यांच्या चित्रफितींचे कोडिंग (चित्रफीत पाहून प्रत्येक घटनेची नोंद) करतो आणि दर उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबर-जानेवारीत, एएफएल या इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधील एखाद्या संघाचा पुढच्या मोसमाचा आडाखा लिहून काढतो. हा आडाखा कसा बांधावा, हे नव्याने येणाऱ्यांसाठी येथे मांडत आहे. संघ पुढे कसा खेळेल हे प्रशिक्षकाच्या मुलाखतींपेक्षा त्याच्या हाताशी असलेल्या खेळाडूंत, गेल्या मोसमातील शेवटच्या मोठ्या पराभवात आणि बदललेल्या नियमांत अधिक स्पष्ट दिसते, हेच मला त्यातून सांगायचे आहे.

खेळाची ओळख थोडक्यात करून घेऊ. प्रत्येक संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात. गोलचे ६ गुण आणि बाजूच्या खांबांमधून गेलेल्या ‘बिहाइंड’चा १ गुण. मैदान लंबगोल असते आणि त्याचे माप ठरलेले नसते : लांबी १३५ ते १८५ मीटर, रुंदी ११० ते १५५ मीटर चालते. कसोटी सामन्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेली एमसीजी, गाबा आणि ॲडलेड ओव्हल ही मैदाने हिवाळ्यात फूटीचीच असतात. या खेळात ऑफसाइड नाही, आणि सगळ्या डावपेचांचे मूळ तिथेच आहे. खेळाडू कुठेही उभा राहू शकतो, त्यामुळे बचाव करणाऱ्याला माणसाबरोबर मोकळी जागाही राखावी लागते. फक्त मध्यावर चेंडू टाकताना प्रत्येक संघाचे सहा खेळाडू बचावात, सहा मध्यात आणि सहा आक्रमणात असावे लागतात. हा नियम २०१९ पासून आला. सप्टेंबरच्या शेवटी अंतिम सामना झाला की ऑक्टोबरात खेळाडूंची देवाणघेवाण, नोव्हेंबरात ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणे), मग उन्हाळाभर सराव आणि फेब्रुवारीत सराव सामने, असा क्रम असतो. आडाख्याचे काम या मधल्या काळात होते.

आकडेवारी मिळवणे अवघड नाही. एएफएल टेबल्स या संकेतस्थळावर जुन्या सामन्यांची नोंद आहे आणि आर भाषेतील फिट्झरॉय नावाचे पॅकेज ही माहिती थेट तुमच्या तक्त्यात आणून देते. चॅम्पियन डेटा ही कंपनी अधिकृत आकडे गोळा करते आणि क्लबांना त्यांतले बरेच तपशील मिळतात जे आपल्याला मिळत नाहीत. पण सुरुवातीला त्यावाचून काही अडत नाही. किक आणि हँडबॉल (एका हातावरचा चेंडू दुसऱ्या हाताच्या मुठीने मारणे) यांचे प्रमाण, प्रतिस्पर्धी अंगावर नसताना घेतलेले झेल (किकचा चेंडू झेलला की खेळाडूला निर्वेध किक मारता येते), समोरच्या गोलपासून ५० मीटरवर आखलेल्या कमानीत चेंडू किती वेळा नेला आणि त्यातून झेल किती मिळाले, एवढ्यावरूनही संघाचा स्वभाव कळतो. मात्र हे आकडे नेहमी त्याच सामन्यातील प्रतिस्पर्ध्याच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. २०२० च्या मोसमात क्वार्टरची लांबी २० मिनिटांवरून १६ मिनिटांवर आणली होती, त्यामुळे त्या वर्षीची सामन्यागणिक सरासरी इतर वर्षांच्या शेजारी ठेवली की सगळे संघ एकाएकी मंदावल्यासारखे दिसतात. अशा गोष्टी तक्ता सांगत नाही. त्या आपल्याला माहीत असाव्या लागतात.

अभ्यासासाठी मी नवख्यांना नेहमी जीलाँग संघाचे २०२१ आणि २०२२ हे दोन मोसम देतो. प्रशिक्षक ख्रिस स्कॉट यांचा हा संघ २०२१ मध्ये चेंडू जपून खेळत असे. मागून हळूहळू, आडव्या किक मारत, एकेक सुरक्षित झेल घेत पुढे सरकायचे आणि फट सापडली की आत शिरायचे, अशी ती रीत होती. साखळी सामन्यांत तिने त्यांना भरपूर विजय दिले. पण पर्थमधील उपांत्य सामन्यात मेलबर्नने त्यांना ८३ गुणांनी हरवले. मेलबर्नच्या बचावफळीत स्टीव्हन मे आणि जेक लीव्हर हे आलेला चेंडू मधल्यामध्ये झेलणारे दोन पटाईत खेळाडू होते, आणि जीलाँगच्या संथ चालीने त्यांना जागा धरायला हवा तेवढा वेळ दिला.

आता आडाखा बांधणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न असा : हाच संघ, हेच प्रतिस्पर्धी, तर पुढच्या वर्षी काय बदलावे लागेल? आक्रमणात टॉम हॉकिन्स आणि जेरेमी कॅमेरॉन हे दोन उंच खेळाडू होतेच, तेव्हा आणखी उंची वाढवून फारसे साधणार नव्हते. चेंडू अधिक वेगाने आणि अधिक जोखीम घेऊन पुढे न्यायचा, म्हणजे समोरचा बचाव बसायच्या आत तो हॉकिन्सच्या डोक्यावर पोहोचेल. आणि झेल सुटलाच तर जमिनीवर पडलेला चेंडू टिपणारा चपळ माणूस तिथे हवा. त्या वर्षअखेरीस जीलाँगने टायसन स्टेंगल याला घेतले. ॲडलेडने सोडल्यानंतर तो दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एसएएनएफएल या राज्य लीगमध्ये वुडव्हिल-वेस्ट टॉरेन्सकडून खेळत होता आणि त्या संघाबरोबर २०२१ चे विजेतेपदही त्याने मिळवले होते. त्याला घेतल्याचा फारसा गाजावाजा झाला नाही, पण डावपेचांच्या दृष्टीने त्या उन्हाळ्यातील ती सर्वांत बोलकी बातमी होती. क्लब कोणत्या जागेसाठी माणूस शोधतो, यावरून तो आपली कोणती उणीव मान्य करतो ते कळते.

२०२२ मध्ये जीलाँग खरोखरच वेगाने आणि सरळ खेळला, स्टेंगल त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात निवडला गेला आणि कॅमेरॉन गोलपुढे थांबून न राहता पार विंगपर्यंत, म्हणजे मैदानाच्या मध्याजवळच्या कडेपर्यंत, धावत येऊ लागला. अंतिम सामन्यात सिडनीचा ८१ गुणांनी पराभव झाला. या संघाचे वय पाहून आता त्यांनी नवी बांधणी करावी, असे म्हणणारे पुष्कळ होते, कारण त्यांचे बिनीचे खेळाडू तिशीपार गेलेले होते. वयाचा तक्ता या टीकाकारांनी बरोबर वाचला होता. शेवटच्या पराभवाची चित्रफीत पाहिली असती तर माणसे तीच ठेवून चाल बदलणे शक्य आहे, हेही त्यांना दिसले असते.

साहाय्यक प्रशिक्षकांच्या बदल्यांकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात, आणि मला ते फार खटकते. रिचमंड २०१६ मध्ये तेराव्या स्थानावर होता. त्या मोसमानंतर ब्लेक कॅरासेला आणि जस्टिन लेपिच हे साहाय्यक म्हणून आले, आणि टाय व्हिकरी हा उंच आक्रमक क्लब सोडून गेला. २०१७ मध्ये जॅक रिवोल्ट हा एकटा उंच खेळाडू पुढे ठेवून त्याच्या भोवती बटलर, रिओली, कास्टान्या असे बुटके आणि धावरे खेळाडू सोडले गेले. चेंडू कसाही करून पुढे ढकलायचा आणि समोरच्याला तो बाहेर काढू द्यायचा नाही, हा त्यांचा खाक्या झाला. त्या वर्षी रिचमंडने १९८० नंतरचे पहिले विजेतेपद जिंकले. पुढे २०२१ मध्ये सतराव्या स्थानी घसरलेल्या कॉलिंगवुडने रिचमंडमध्ये घडलेल्या क्रेग मॅक्रे यांना मुख्य प्रशिक्षक केले आणि लेपिचही तिथे गेले. पुढच्याच वर्षी तो संघ मैदानाच्या मधल्या पट्ट्यातून बेधडक धावू लागला, चौथा आला आणि २०२३ मध्ये ब्रिस्बेनला ४ गुणांनी हरवून विजेता ठरला. कोण कुठे शिकला आणि कुठे गेला याची साधी वही ठेवली, तरी अर्धे धागेदोरे हाती लागतात.

विजेत्याची नक्कल करण्याची ओढ सगळ्या क्लबांना असते. रिचमंडनंतर बुटक्या आक्रमकांचा शोध सगळीकडे सुरू झाला. नक्कल होईल असा आडाखा बांधणे सोपे आहे. त्या संघाकडे ती पेलणारी माणसे आहेत का, हे तपासल्याशिवाय मात्र तो लिहू नये.

नियमबदलांचे वजन मोठे असते, पण त्यांचा परिणाम लीगच्या अपेक्षेप्रमाणेच होईल असे धरून चालू नये. २०२१ मध्ये झेल घेणाऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याने पंचाने ‘स्टँड’ म्हणताच जागचे हलायचे नाही, असा नियम आला. यामुळे मधला पट्टा उघडून गोल वाढतील अशी आशा होती. त्या वर्षी विजेतेपद मिळवले ते बचावावर उभ्या असलेल्या मेलबर्नने. २०२६ च्या मोसमापासून मध्यावर चेंडू आपटण्याऐवजी पंच तो वर फेकतात आणि पर्यायी खेळाडूची जागा जाऊन बदली बाकावर पाच जण आले आहेत. त्यापेक्षा महत्त्वाचा बदल सीमारेषेचा आहे. दोन्ही ५० मीटर कमानींच्या मधल्या भागात किक किंवा हँडबॉलने मारलेला चेंडू मध्ये कुणाचाही स्पर्श न होता बाहेर गेला, तर समोरच्या संघाला फ्री किक मिळते. अडचणीत सापडलेल्या संघाने सीमारेषेच्या कडेने लांब किक मारायची, चेंडू बाहेर गेला तर पंच तो आत फेकेल आणि आपला रक, म्हणजे फेकलेल्या चेंडूसाठी झुंजणारा उंच खेळाडू, पुन्हा झुंजेल, ही अनेक संघांची जुनी पळवाट होती. तिच्यावर विसंबलेला संघ कोणता, हे गेल्या मोसमाच्या चित्रफिती पाहून शोधा. त्याचा आडाखा आपोआप वेगळा निघेल. हाताने ठोसून बाहेर घालवलेला चेंडू ‘डिस्पोजल’ (किक किंवा हँडबॉल) धरला जात नाही, म्हणून कडेच्या झुंजीत झेल घेण्याऐवजी चेंडू बाहेर ठोसण्याकडे कल वाढेल, असे मला वाटते. एसएएनएफएलमध्ये अशा प्रकारचा नियम २०१६ पासून आहे. तिथले सामने बघणे हा उत्तम गृहपाठ आहे.

चित्रफितीइतकेच प्रत्यक्ष मैदानावर जाणेही आवश्यक आहे. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो आणि डावपेच बहुधा चेंडूपासून साठ-सत्तर मीटरवर आकार घेत असतात. फेब्रुवारीतील सराव सामन्याला गोलच्या मागे, मिळेल तितक्या उंच जागी बसावे आणि बिहाइंड झाल्यानंतर चेंडू पुन्हा खेळात आणणारी किक, म्हणजे किक-इन, नीट पाहावी. २०१९ पासून चेंडू खेळात आणणाऱ्याला स्वतःकडे किक न मारताच गोलसमोरच्या चौकोनातून धावत निघता येते. तो धावला की थांबला, हे लिहून ठेवा. दोन्ही उंच खेळाडू एकाच कडेला जाऊन उभे राहिले तर लांब किक येणार, हे प्रेक्षकालाही कळते. एक जण कडेला गेला आणि त्याच वेळी एखादा हाफ-बॅक (बचावाच्या पुढच्या ओळीतला खेळाडू) अर्धवर्तुळ घेत मधल्या पट्ट्यात रिकामा झाला, तर तो संघ नवे काही बसवत आहे असे समजावे. सरावात खेळाडू दमले की जुन्या सवयीवर येतात, म्हणून मी पहिल्या क्वार्टरपेक्षा तिसऱ्या क्वार्टरच्या नोंदींना जास्त किंमत देतो. मैदानही लक्षात घ्यावे. जीलाँगचे कार्डिनिया पार्क १७० मीटर लांब आणि अवघे ११५ मीटर रुंद आहे. तिथे चालणारी चाल एमसीजीच्या रुंदीवर तशीच चालेल असे नाही, आणि अंतिम सामना तर एमसीजीवरच होतो. घरचे आणि एमसीजीचे आकडे वेगळे काढावेत.

कामाच्या वाटेविषयी थोडे सांगतो. उपनगरी क्लबांचा सराव साधारणपणे मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी असतो. तिथे जाऊन प्रशिक्षकाला भेटावे आणि विनामूल्य कोडिंग करून देतो असे सांगावे. ही मदत नको म्हणणारा क्लब मला भेटलेला नाही. स्पोर्ट्सकोड हे सॉफ्टवेअर पुढे व्यावसायिक क्लबांत लागते, पण आरंभी साधी स्प्रेडशीट आणि घड्याळ पुरते. उच्चारांची आणि या खेळातल्या बोलीची भीती बाळगू नये. जो माणूस गुरुवारी संध्याकाळी थंडीत उभा राहून नोंदी घेतो, त्याला लोक आपला मानतात. प्रशिक्षकाकडे वेळ कमी असतो. त्याला आलेख दाखवण्यापेक्षा तीन चित्रफिती आणि एक पान द्यावे.

त्या पानावरचा आडाखा तपासता येईल असा असावा. ‘संघ अधिक आक्रमक होईल’ या वाक्याला काही अर्थ नाही. ‘पहिल्या सहा फेऱ्यांत हाफ-बॅकवरून निघालेल्या चेंडूंपैकी मधल्या पट्ट्यातून जाणाऱ्यांचे प्रमाण गेल्या मोसमापेक्षा वाढेल, आणि न वाढल्यास आडाखा चुकला असे धरावे’ असे लिहिले, तर सहाव्या फेरीनंतर तुमचे काम कुणालाही मोजता येते.

आणि आडाख्याखाली ती चाल कुठे मोडेल, हेही लिहावे, कारण प्रशिक्षक पुढचा प्रश्न हमखास तोच विचारतो. रिचमंडच्या दबावाच्या खेळावर उत्तर होते ते डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूंत. २०१८ च्या उपांत्य सामन्यात कॉलिंगवुडने चेंडू उंच आणि लांब मारला, २११ सेंटिमीटर उंचीच्या मेसन कॉक्सने रिचमंडच्या बचावाच्या डोक्यावरून झेल घेतले, आणि जमिनीवर दबाव टाकणाऱ्या त्या साऱ्या बुटक्या खेळाडूंना चेंडू खाली पडलेला फारसा मिळालाच नाही. रिचमंड ३९ गुणांनी हरला.