चित्रकलेवर व्हिडिओ एसे करताय? आधी पाटी ठरवा, लोगो नंतर

चित्रकलेवर व्हिडिओ एसे, म्हणजे चित्र दाखवत त्यावर बोलणारे व्हिडिओ, करायला मराठीत यूट्यूब चॅनल काढायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्या आठवड्यात लोगो करतात. मग तो लोगो फिरतो, त्यावर सोनेरी चमक येते, मागे सतार वाजते आणि सात-आठ सेकंद गेले तरी चित्राचा पत्ता नाही. पडद्यावरची मुख्य जागा चित्राची असते, त्यामुळे चॅनलची ओळख दिसायला हवी ती चित्राच्या आजूबाजूला, म्हणजे नावाच्या पट्टीत, बाणाच्या रेघेत, मागच्या रंगात. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय.

१. आधी तीन अडचणीची चित्रं घ्या

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एकमेकांशी अजिबात न जुळणारी तीन चित्रं निवडा. पुण्यापुरतं बोलायचं तर एक घ्या चित्रशाळा प्रेसचं देवादिकांचं छापील उभं चित्र, गच्च रंगांचं (ही चित्रशाळा १८७८ मधे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात सुरू केली, केसरीच्याही आधी). दुसरा गंगाराम तांबटचा गेंडा. हो, पेशव्यांच्या शिकारखान्यात गेंडा होता, आणि मॅलेट या इंग्रज रेसिडेंटसाठी (पेशवे दरबारातला कंपनीचा वकील) काम करणाऱ्या या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मधे तो काढला, आज ते चित्र अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमधे आहे. तिसरं, सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवरचं कोरीवकाम. काळा दगड, आणि गंमत म्हणजे तिथेही साखळीने बांधलेला गेंडा आहेच.

गच्च रंग, फिकट कागद, काळा दगड. या तिन्हींवर जे डिझाइन टिकेल ते पुढे काहीही आलं तरी टिकेल.

२. पाटी

पाटी म्हणजे चित्र पडद्यावर आलं की कोपऱ्यात येणारी माहिती. पुण्यात राहून पाटी कशी लिहावी हे शिकवायची गरज नसावी: कमी शब्द, पाल्हाळ नाही, आणि वाचणाऱ्याला परत विचारावं लागू नये. फक्त टोमणा वगळा.

क्रम एकदाच ठरवा आणि मग कधीच बदलू नका. चित्रकार, चित्राचं नाव, साल, माध्यम, आकार, सध्या कुठे आहे. सगळं दर वेळी दाखवायची गरज नाही पण जे दाखवाल ते याच क्रमाने. आणि माहिती नसेल तेव्हा काय लिहायचं हेही आत्ताच ठरवा, कारण आपल्याकडे हे सारखं होणार, निम्म्या वेळा चित्रकार अज्ञात आणि साल अंदाजे. 'चित्रकार अज्ञात', 'सुमारे १८८०' अशी ठरलेली रूपं ठेवा, एकदा 'अनामिक', एकदा 'माहीत नाही' असं नको. आकार मात्र शक्यतो द्याच. मोबाईलवर तळहाताएवढं लघुचित्र आणि भिंतभर तैलचित्र सारखंच दिसतं, त्यामुळे मी तर म्हणेन की चित्राशेजारी माणसाची किंवा हाताची साधी आकृती प्रमाणात दाखवायची पद्धत ठेवा. पुण्याच्या केळकर संग्रहालयातल्या अडकित्त्यांवर किंवा दिव्यांवर व्हिडिओ करणार असाल तर त्याशिवाय भागणारच नाही.

पाटी किती वेळ ठेवायची? मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ.

३. फॉन्ट

इथे जरा थांबा, कारण मराठी चॅनल सगळ्यात जास्त इथेच फसतात. मुक्ता, हिंद, बालू, तिरो देवनागरी मराठी हे सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, लायसन्सही मोकळं आहे. पाटीसाठी मुक्ता किंवा हिंदसारखा साधा, आणि प्रकरणांच्या मथळ्यांसाठी तिरो, एवढ्यावर पाच वर्षं निघतील. तिरोत ल आणि श मराठी वळणाचे मिळतात, बऱ्याच फॉन्टमधे ते हिंदी वळणाचे असतात आणि शाळेत पाटीवर गिरवलेला ल ज्याच्या डोळ्यात बसलाय त्याला ते लगेच खुपतं.

फॉन्ट निवडताना 'अबक' टाइप करून बघू नका, त्यात सगळेच छान दिसतात. 'कऱ्हाड, त्र्यंबक, कृष्णा, चित्रशाळा, बुद्ध, ऑइल, १७९०' असं काहीतरी टाइप करा. 'ऱ्ह' तुटला, 'द्ध' सुटा पडला की तो फॉन्ट बाद. कधीकधी दोष फॉन्टचा नसतोच, प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे वेलांट्या उड्या मारत असतील तर ग्राफिक्सच्या सेटिंगमधे 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, अक्षराच्या उंचीच्या दीडपट म्हणा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी भांडतात. चित्राचं नाव तिरकं करायची इंग्रजी सवय सोडा, देवनागरी तिरकी केली की पडल्यासारखी दिसते, नाव ठळक करा किंवा अवतरणात टाका. आणि १०८० पिक्सेल उंचीच्या फ्रेममधे ४० पिक्सेलपेक्षा बारीक अक्षर नको.

४. मागचा रंग

चित्रामागे शुद्ध काळा रंग टाकला की गडद तैलचित्राची कड हरवते, चित्र कुठे संपतं तेच कळत नाही. पांढरा टाकला तर रात्री मोबाईलवर बघणाऱ्याच्या डोळ्यात जातो. 'जुनं वाटतं' म्हणून टाकलेला क्रीम रंग सगळ्यात घातक, त्याच्यावर पिवळा पडलेला कागद पांढरा वाटायला लागतो, म्हणजे आपण प्रेक्षकाला चुकीचा रंग दाखवतोय. कुठलाही रंग शेजारच्या रंगामुळे वेगळा दिसतो, म्हणून बिनरंगाचा गडद राखाडी घ्या, आरजीबीत (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे) ४०, ४०, ४० च्या आसपास.

उभं चित्र आडव्या फ्रेममधे ठेवलं की दोन्ही बाजूंना जागा उरते. ती तशीच राहू द्या! तेच चित्र मोठं करून, धुरकट करून मागे लावायची जी फॅशन आहे ती बातम्यांच्या चॅनलला लखलाभ. त्याच जागेत आपली पाटी बसते.

५. बाण, गोल, रेघा

नियम एकच: चित्रावर आपण जे काही काढू ते सगळं एकाच रंगात आणि एकाच जाडीत. म्हणजे चित्रकाराचं काय आणि आपलं काय हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. लाल बाण छापील चित्रातल्या लाल शालूवर गायब होतो, पांढरा बाण तांबटच्या कागदावर गायब होतो, म्हणून पांढरी रेघ आणि तिला बारीक काळी कड, हे तिन्ही चित्रांवर चालतं. मथळ्यांसाठी एखादा रंग आवडीचा घ्या, जांभळा घ्या, हिरवा घ्या, पण तो चित्रावर चढवू नका.

६. कॅमेऱ्याची हालचाल

हालचाल हीसुद्धा ओळखच. आधी पूर्ण चित्र, स्थिर, निदान पाच सेकंद, मग आत जायचं, आणि मुद्दा संपला की परत पूर्ण चित्र. उगाच सतत सरकत राहणारा झूम टाळा, बोलायला काही नाही म्हणून चित्र हलवतायत असं वाटतं.

हिशोब आधी करा. १९२० पिक्सेल रुंदीच्या व्हिडिओत चौपट आत जायचं तर मूळ फाइल ७६८० पिक्सेल रुंद हवी. जेम्स वेल्सने १७९२ मधे रंगवलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र छोट्या जेपीजीवरून दाखवाल तर नानांच्या चेहऱ्याजागी चौकोन दिसतील.

हक्कांचं थोडक्यात: भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. राजा रविवर्मा १९०६ मधे गेले, ती चित्रं मोकळी. गायतोंडे २००१ मधे गेले, ती नाहीत, तिथे परवानगी घ्या. संग्रहालयाने काढलेल्या फोटोच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या वेबसाइटवर वाचा, आणि स्वतः शूट करणार असाल तर जाण्याआधी विचारा.

७. थंबनेल आणि मग लोगो

थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी यादीत दिसणारं छोटं चित्र, १२८० बाय ७२० पिक्सेलचं. अख्खं चित्र टाकू नका, एक तपशील टाका, गेंड्याचा डोळा किंवा साखळी, आणि तीन-चार शब्द. उजवा खालचा कोपरा रिकामा, तिथे व्हिडिओची वेळ येते. मग झालेलं सगळं एखाद्या साध्या मोबाईलवर टाकून दुपारी जंगली महाराज रोडला उन्हात उभं राहून बघा, एडिटिंगच्या अंधाऱ्या खोलीत सगळंच सुंदर दिसतं. पाटी वाचता आली नाही तर अक्षर वाढवा, फॉन्ट बदलू नका.

आता लोगो. मथळ्याच्याच फॉन्टमधे चॅनलचं नाव लिहा, प्रोफाइलच्या गोलात अख्खं मावत नसेल तर पहिलं अक्षर घ्या. व्हिडिओत तो शेवटी श्रेयनामावलीत दोन सेकंद दिसला तरी पुरे. पाटी, बाण, पार्श्वभूमी आणि मथळा या चार गोष्टी टेम्प्लेट म्हणून एका फोल्डरमधे सेव्ह करा, फॉन्टच्या फाइल्ससकट, म्हणजे उद्या एडिटिंग दुसऱ्या कोणी केलं तरी व्हिडिओ तुमचाच वाटेल.