जेट स्कीच्या ट्रिमची लिंक सारखी तुटतेय? नवीन बसवायच्या आधी हे बघा

ट्रिमचं, म्हणजे जेट स्कीचं नाक वर-खाली करायचं बटण दाबलं की मोटर कुर्र करते पण नाक काही हलत नाही, मागे जाऊन वाकून बघावं तर लिंक, म्हणजे ट्रिमची दांडी, मोडून लोंबतेय. पहिल्यांदा झालं तर ठीक, प्लास्टिक आहे, जुनं झालं असेल. पण नवीन टाकूनही तीच लिंक त्याच जागी परत तुटत असेल तर तिसरी मागवू नका लगेच. लिंक बिचारी मधल्यामध्ये मार खातेय, जोर भलतीकडूनच येतोय अन् तो शोधल्याशिवाय कितीही पार्ट टाका, फरक पडणार नाही.

आधी हे चालतं कसं ते थोडक्यात. पंपातून पाणी जोरात मागे फेकलं जातं आणि ते शेवटी स्टिअरिंग नोझलमधून बाहेर पडतं. बऱ्याच मॉडेलमध्ये पंपाचा मागचा निमुळता भाग आणि नोझल यांच्या मध्ये एक रिंग असते, ती दोन बाजूंच्या पिनांवर वर-खाली झुलते, तीच ट्रिम रिंग. रिंग वर केली की धार वरच्या अंगाला जाते, मागचा भाग खाली दबतो, नाक वर येतं. रिंग खाली तर नाक खाली. रिंगला ढकलणारी दांडी म्हणजे लिंक, आणि लिंकच्या दुसऱ्या टोकाला एकतर इलेक्ट्रिक मोटर असते नाहीतर हँडलच्या ग्रिपवरून आलेली केबल. मोटर बहुतेक वेळा हलच्या (जेट स्कीच्या मुख्य सांगाड्याच्या) आत असते अन् तिचा रॉड रबरी बूटमधून बाहेर येतो.

कामाला लागण्याआधी लॅनयार्ड (इंजिन बंद करणारी सुरक्षेची दोरी) काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. नोझलमध्ये हात घालायचाय आणि त्याच्या पुढेच इम्पेलर (पंपातला पाणी फेकणारा पंखा) आहे, त्यामुळे इथे "दोनच मिनिटांचं काम आहे" वगैरे चालणार नाही. गाडी ट्रॉलीवरच राहू द्या, आडवी करायची गरज नाही. आडवी करायचीच झाली तर कुठल्या बाजूला करायची ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, उलट्या बाजूला केली तर पाणी इंजिनमध्ये जाऊ शकतं.

आता तुटलेला तुकडा फेकायच्या आधी उजेडात धरून नीट बघा, अर्धं उत्तर तिथेच असतं. तुटलेल्या कडेजवळ प्लास्टिक पांढरं पडलं असेल, ताणल्यासारखं दिसत असेल, तर एकदम जास्त जोर येऊन ते वाकून मोडलंय. म्हणजे काहीतरी जाम आहे, नाहीतर कोणीतरी नोझलला धरून गाडी ढकलली आहे. कडेचा काही भाग गुळगुळीत, त्यावर बारीक वळ्या, आणि उरलेला भाग खडबडीत असेल तर चीर आधीच पडली होती आणि हळूहळू वाढत गेली. हे ढिल्या बोल्टमुळे आणि कंपनांमुळे होतं, अशा वेळी भोकही अंडाकृती झालेलं सापडतं. आणि भोकापासून चारी बाजूंना केसासारख्या बारीक चिरा गेल्या असतील तर बोल्ट वाजवीपेक्षा घट्ट आवळलाय, किंवा थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) ओघळून प्लास्टिकवर आलाय. ही थ्रेडलॉकरची गोष्ट बऱ्याच जणांच्या गावीही नसते. पॉलिकार्बोनेट, एबीएस असल्या काही प्लास्टिकना तो चक्क तडे पाडतो. प्लास्टिकमधून जाणाऱ्या बोल्टला लावायचाच असेल तर नटच्या आतल्या आट्यांना एक थेंब, बस. त्यापेक्षा नायलॉनची रिंग असलेला लॉकनट वापरलेला बरा.

तुकडा बघून झाला की मुख्य चाचणी. लिंक दोन्हीकडून सोडवा आणि रिंग नुसत्या हाताने वर-खाली करा. दोन बोटांनी सहज हलली पाहिजे, वरून सोडली तर स्वतःच्या वजनाने खाली यायला पाहिजे. जोर लावावा लागत असेल, मध्येच कुठे अडकत असेल, तर चोर सापडला. लिंक तुटते कारण मोटरमधला वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) हळू फिरतो पण ताकद भरपूर लावतो, आणि समोर पिन धरून बसलेली असते.

पिन का धरते? खाऱ्या पाण्यात स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं घर (पिन ज्यात बसते तो भाग) एकमेकांना लागून असले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी पावडर तयार होते. ही पावडर मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे ती बुशला (पिनभोवतीच्या छोट्या नळीला) बाहेरून आवळते, आत पिन घट्ट होते. त्यात वाळूचे बारीक कण गेले की संपलंच. दुसरं कारण म्हणजे बुशचं मटेरियल. साधा नायलॉन 6 पाण्यात पूर्ण भिजला की वजनाच्या साधारण 9 टक्के पाणी पितो आणि फुगतो, म्हणजे कोरडा असताना मस्त बसलेला बुश पाण्यात राहून टाईट होतो. ॲसिटल नावाचं प्लास्टिक मिळतं, ते 1 टक्क्याच्या आसपासच पाणी घेतं. त्यामुळे बुश लेथवर करून घेणार असाल तर नायलॉनचा हट्ट सोडा, ॲसिटल मागा.

पिन काढताना हातोडी मारू नका, ट्रिम रिंगचे कान प्लास्टिकचे असतील तर तेही जातील. भेदक तेल मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पान्याने थोडं आवळायच्या दिशेला, थोडं सोडायच्या दिशेला असं करत करत काढा. गॅसची ज्योत तर अजिबात नको, आजूबाजूला प्लास्टिक, रबर आणि पेट्रोलची वाफ आहे. पिन निघाली की घरातली पांढरी पावडर बारीक एमरी पेपर पेन्सिलीला गुंडाळून साफ करा. पावडर निघेपर्यंतच घासा, भोक मोठं झालं की उलटा प्रॉब्लेम, खुळखुळ सुरू. पुसून कोरडं करा, मरीन ग्रीस भरा, नवीन बुश, नवीन पिन. बोल्ट 316 ग्रेडचे स्टेनलेस घ्या, खाऱ्या पाण्यात 304 लवकर डागाळतो. टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच. बोल्ट आवळून झाल्यावर रिंग परत दोन बोटांनी हलवून बघा, आवळल्यावर जड झाली तर बुशची लांबी कमी पडतेय आणि बोल्ट रिंगचे कानच दाबतोय.

रिंग मोकळी आहे तरी लिंक तुटते असं असेल तर लांबी तपासा. लिंकच्या टोकाला आटे असतात, तिथून लांबी कमी-जास्त होते. मोटर मध्यावर ठेवा, नोझलही मध्यावर आणा, म्हणजे रिंगच्या वर आणि खाली सारखीच फट दिसली पाहिजे, आणि त्या स्थितीत लिंक कसलाही जोर न लावता बसली पाहिजे. ओढून-ताणून भोकात भोक आणावं लागलं तर लांबी चुकलीय. अशी लिंक एका टोकाला रिंगला शेवटपर्यंत नेऊन आदळवते, मोटर अजून ढकलतच असते, आणि मग कटकन. लांबी ठरली की लॉकनट आवळायला विसरू नका. काही मॉडेलमध्ये मोटरला पोझिशन सेन्सर असतो आणि मोटर बदलल्यावर कॅलिब्रेशन (सेन्सर परत जुळवणं) करावं लागतं, ते राहिलं तरी हेच होतं.

फ्यूजही बघा एकदा. ट्रिमचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणीतरी जास्त अँपिअरचा घालून ठेवलेला असतो. फ्यूज उडत होता कारण रिंग जाम होती, तो सांगत होता पण ऐकायला कोणी नव्हतं, आता फ्यूज उडत नाही तर लिंक तुटते. मॅन्युअलमधल्या रेटिंगचाच फ्यूज परत घाला.

सगळं जोडलं की बॅटरी लावा आणि इंजिन सुरू न करता ट्रिम पूर्ण वर, पूर्ण खाली करून बघा. बहुतेक गाड्यांमध्ये नुसता लॅनयार्ड लावून हे होतं, मात्र एकजण हँडलपाशी आणि दुसऱ्याचा हात नोझलमध्ये असं नको. पूर्ण वर असताना हँडल डावीकडे-उजवीकडे शेवटपर्यंत वळवा, मग पूर्ण खाली असताना तसंच. रिव्हर्सची बकेट (मागे जाताना धारेसमोर येणारं झाकण) खाली करून परत एकदा. हे चारही कोपरे बघणं महत्त्वाचं आहे कारण बऱ्याचदा ट्रिम सरळ हँडलवर झकास चालतो आणि पूर्ण वर नेऊन वळण घेतलं की स्टिअरिंगची केबल किंवा बकेटचा हात लिंकला घासतो. घासल्याची चकचकीत खूण शोधा, लिंकवर असेल नाहीतर शेजारच्या पार्टवर असेल.

आता नेहमीचा प्रश्न, लिंक ॲल्युमिनियमची नाहीतर स्टीलची का करून घेऊ नये. करता येते, आणि बाकी सगळं मोकळं असेल तर टिकतेही. पण जाम रिंगवर लोखंडी लिंक टाकणं मला तरी वेडेपणा वाटतो, लिंक वाचते आणि मोटरचा गिअर नाहीतर रिंगचा कान जातो, आणि ते दोन्ही लिंकपेक्षा कितीतरी महाग. एपॉक्सीने जोडणं तर सोडूनच द्या. पाण्याच्या धारेत, कंपनात, सतत ओढाताणीत असलेला एवढासा जोड टिकत नाही, आणि तुटेल तेव्हा तुम्ही किनाऱ्यापासून लांब असणार.

रबरी बूटला चीर असेल तर याच वेळी बदलून टाका, तिथून हलमध्ये पाणी येतं आणि मोटरही भिजते.

यापुढे गाडी धुताना नोझलच्या पिनांवर गोडं पाणी मारत मारत ट्रिम दोन-चारदा वर-खाली करा, मीठ सुकून बसत नाही. ट्रॉलीचा पट्टा नोझलवरून घेऊ नका, आणि मागून ढकलायला येणाऱ्या मदतनीसांना आधीच सांगा की नोझलला हात नको, हलच्या मागच्या कडेला धरा. पहिली फेरी मारून आलात की बोल्ट आणि लॉकनट परत तपासा, नवीन बुश बसले की थोडं ढिलं पडतंच.