‘पुनरुज्जीवित करणे’ हे क्रियापद कसे वापरावे

ठाण्यात तलाव किंवा विहिरीसंबंधी निवेदन लिहायला घेतले की ‘पुनरुज्जीवित करणे’ हे क्रियापद हमखास येते आणि पुष्कळदा ‘पुनर्जिवित’ असे चुकीचे उतरते. ‘पुनः’ आणि ‘उज्जीवन’ यांच्या संधीतून ‘पुनरुज्जीवन’ होते, म्हणून ‘रु’ ऱ्हस्व, ‘ज्ज’ जोडाक्षर आणि ‘जी’ दीर्घ लिहावी. पूर्वी चालते असलेले, पण पुढे थंडावलेले काही पुन्हा चालते करणे, हा त्याचा अर्थ. त्यामुळे बंद पडलेले वाचनालय पुनरुज्जीवित होते, नव्याची मात्र स्थापनाच होते.

वाक्यरचनेत दोनच वाटा आहेत: ‘तलाव पुनरुज्जीवित केला’ किंवा ‘तलावाचे पुनरुज्जीवन केले’. दोन्हींची सरमिसळ करून ‘तलावाचे पुनरुज्जीवित केले’ असे लिहू नये. पहिल्या रचनेत ‘पुनरुज्जीवित’ बदलत नाही, फक्त क्रियापद कर्माप्रमाणे फिरते: परंपरा पुनरुज्जीवित केली, झरे पुनरुज्जीवित केले. ‘पुन्हा पुनरुज्जीवित’ ही तर उघड द्विरुक्ती आहे.

खरी कसोटी शेजारच्या शब्दांमधून निवड करताना लागते. गाळ उपसला, सांडपाणी अडवले आणि पाण्यात मासे टिकू लागले, तर तलावाचे पुनरुज्जीवन झाले. नुसती काठावर रोषणाई केली, बाके मांडली आणि कठड्याला रंग दिला, तर ते सुशोभीकरण, मग फलकावर काहीही लिहिलेले असो. गडकरी रंगायतनच्या खुर्च्या आणि रंगमंच बदलणे हे नूतनीकरण होय, पण तेथे एखादी खंडित नाट्यस्पर्धा पुन्हा सुरू केली तर ती पुनरुज्जीवित केली असे म्हणता येते. नौपाड्यातील जुनी इमारत पाडून नवी बांधतात तो पुनर्विकास, देवळाचा होतो तो जीर्णोद्धार आणि नवी मुंबई वसवताना ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या त्या प्रकल्पग्रस्तांचे करायचे असते ते पुनर्वसन.

माणसाच्या बाबतीत हे क्रियापद टाळावे, कारण मूर्च्छित माणसाला आपण शुद्धीवर आणतो. रस्तारुंदीसाठी खूण केलेले झाड तोडल्यावाचून राहिले, तर त्याला जीवदान मिळाले असे लिहावे. ते मेलेले नव्हतेच. ‘नवसंजीवनी’ वृत्तपत्री मथळ्यात शोभते, पण निवेदनात मागणी नेमकी हवी: ‘आवारातील विहिरीचा गाळ काढून व पाणी तपासून ती पुनरुज्जीवित करण्यात यावी.’