एकच पोस्टर सगळीकडे ढकलू नका
आपण काय करतो, संस्थेचं एक पोस्टर बनवतो आणि तेच फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअॅप सगळीकडे टाकून मोकळे होतो, मग लाइक करणारे तेच आपले कार्यकर्ते. रक्तदान शिबिराचंच घ्या, कॉलेजच्या पोरांसाठी सुई टोचताना तोंड वाकडं करणाऱ्याची (त्याला विचारून हं) १५ सेकंदांची रील, फॅमिली ग्रुपवाल्यांना मोठ्या अक्षरात तारीख, वेळ, पत्ता, ज्यांना वाचायला जमत नाही त्यांना व्हॉइस नोट. व्हिडिओला सबटायटल टाकाच, बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तर तेवढाच आधार. पोस्टरवरचा मजकूर कॅप्शनमध्ये पण टाइप करा, नाहीतर स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्याला काहीच धड कळत नाही. आणि कमेंटमधल्या प्रश्नाला नीट उत्तर द्या हो, नुसता हात जोडलेला इमोजी नको.