शोमधली जोडी: मैत्री की ओढ, हे कसं ओळखायचं

मी व्हिडिओ एडिटर आहे. त्यामुळे जोड्या जमवणारे शो बघताना माझी नजर आधी कटवर, म्हणजे एक शॉट तोडून दुसरा जोडलेल्या जागेवर जाते, आणि 'काय केमिस्ट्री आहे!' म्हणण्याआधी तुम्हीही ती तिथे न्यावी असं मला मनापासून वाटतं. याचं रोखून पाहणं, लगेच तिचा लाजरा चेहरा, खाली हळूहळू चढणारं संगीत. एवढ्या भांडवलावर एडिटच्या टेबलावर ओढ उभी करता येते. त्या दोन नजरा एकाच क्षणातल्या असतीलच असं नाही.

म्हणून आवाज बंद करा आणि तोच प्रसंग पुन्हा लावा. दोघं एकाच फ्रेममध्ये, मध्ये कट न पडता, किती वेळ दिसतात? तेवढ्या वेळात ती आपणहून त्याच्याकडे सरकते का? बोलणं संपल्यावरही हात हातात राहतो का? खरी ओढ अशा सलग शॉटमध्ये सापडते.

बंजी जम्प किंवा हेलिकॉप्टरनंतरचं चुंबन हिशोबात धरू नका. 1974 साली डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो झुलत्या पुलावर प्रयोग केला. त्या उंच, हलत्या पुलावर एका तरुणीला भेटलेल्या पुरुषांनी तिला नंतर जास्त फोन केले. कमी उंचीच्या, भक्कम पुलावर भेटलेल्यांनी कमी. छाती भीतीने धडधडते आणि माणूस श्रेय समोरच्याला देतो. 'द बॅचलर'सारख्या शोमध्ये अशा डेट्स मुबलक असतात. त्यांच्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचा कंटाळवाणा नाश्ता बघा.

मैत्री शोधायची ती तिथेच. 'तुला गोंगाट सहन होत नाही ना, चल, बाहेर बसू,' असं कुणी सहज म्हणालं, तर त्याने मागे कधीतरी नीट ऐकलेलं असतं. लक्षात ठेवून विचारलेला प्रश्न, न बोलता पुढे केलेला पाण्याचा ग्लास, एकाच गोष्टीवर दोघांना एकदम फुटलेलं हसू. हे एडिटमध्ये बनवणं फार अवघड.

आता अवघड भाग: मैत्री भरपूर दिसते, ओढ नाही. एकमेकांना न बघताच लग्न ठरवायच्या 'लव्ह इज ब्लाइंड' या शोच्या 2020 मधल्या पहिल्या सीझनमध्ये केली आणि केनी यांचं उत्तम जमत होतं, तरी तिला ते वेड जाणवत नव्हतं आणि लग्नाच्या मंडपात ती नाही म्हणाली. 'एवढा चांगला मुलगा सोडला' म्हणून अशा मुलीला नावं ठेवू नका. चांगुलपणाची परतफेड म्हणून शरीर ओढ देत नाही.

उलटंही घडतं. 'मॅरिड ॲट फर्स्ट साइट' या शोमध्ये अनोळखी माणसं थेट लग्नातच पहिल्यांदा भेटतात. त्याच्या अमेरिकी आवृत्तीत, 2014 च्या पहिल्याच सीझनमध्ये, जेमी ओटिस लग्नाच्या दिवशी रडली, कारण डग हेनर तिला आकर्षक वाटला नव्हता. सीझनच्या शेवटी मात्र तिने लग्न टिकवायचं ठरवलं. डगने घाई केली नव्हती, आणि माझ्या मते फरक तिथे पडला.

तेव्हा 'अजून नाही' आणि 'नाहीच' यातला फरक काढायचा असेल, तर जिला ओढ वाटत नाही तिच्याकडेच बघत राहा. भाग पुढे सरकतात तशी ती सोफ्यावर स्वतःहून जवळ बसायला लागली, तर वाट बघण्यात अर्थ आहे. दर भागात मधली उशी तशीच असेल, आणि तोंडी मात्र 'तो खूप छान आहे' चालू असेल, तर तिचं उत्तर ठरलेलं आहे, फक्त तिने ते अजून उच्चारलेलं नाही.