मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणाऱ्यांनी आतड्यातील जिवाणूंना कसे पोसावे

वार्षिक तपासणीत साखर 'बॉर्डरलाइन' निघाली की घरात आधी गोड बंद होते, मग भात बंद होतो आणि महिनाभरात दोन्ही हळूच परत येतात. आमच्याकडे वडिलांच्या बाबतीत हे दोनदा झाले. तिसऱ्या खेपेस डॉक्टरांशी बोलून आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली, म्हणजे ताटातून काय काढायचे याचा विचार नंतर केला आणि ताटात काय वाढवायचे ते आधी ठरवले. पुढे लिहिलेली पद्धत त्यातूनच हळूहळू बसत गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे मार्गदर्शन प्रामुख्याने या दुसऱ्या गटातील वाचकांसाठी आहे.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली मांडलेल्या या हिशोबानुसार त्यांचे एकूण वजन साधारण २०० ग्रॅम भरते. पीठ, साखर, तेल, प्रथिने यांचे पचन लहान आतड्यात बहुतांशी संपलेले असते. मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः चोथा, म्हणजे धान्याचा कोंडा, डाळींची सालपटे, भाज्यांचे तंतू, आणि हेच त्या जिवाणूंचे अन्न आहे. ते हा चोथा आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बहुतांश ऊर्जा ब्युटिरेटपासून मिळवतात. याच मेदाम्लांमुळे आतड्यातील काही पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडतात, जे इन्शुलिन स्रवण्यास मदत करते आणि पोट भरल्याची जाणीव देते. वजन कमी करणाऱ्या ज्या इंजेक्शनांची हल्ली घरोघरी चर्चा असते, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात.

चोथा मिळाला नाही तर हे जिवाणू उपाशी बसत नाहीत. आतड्याच्या आतून बुळबुळीत श्लेष्माचा जो थर असतो, तो ते खाऊ लागतात, हे २०१६ साली उंदरांवरील प्रयोगात स्पष्ट दिसले. थर पातळ झाला की जिवाणूंच्या आवरणातील विषारी अंश रक्तात झिरपण्याची वाट मोकळी होते. त्याने ताप येत नाही किंवा काही दुखतही नाही, पण शरीरात एक मंद दाह चालू राहतो, आणि असा दाह वर्षानुवर्षे टिकला की इन्शुलिनला पेशींचा प्रतिसाद कमी होत जातो व रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरही परिणाम होतो. माणसात मधुमेह केवळ यामुळेच होतो असे नाही. वजन, आनुवंशिकता, झोप आणि बैठे काम यांचाही वाटा मोठा आहे. मात्र यांपैकी ताट आपल्या हातात आहे.

बदलाला किती वेळ लागतो, हा पहिला प्रश्न असतो. पिट्सबर्ग विद्यापीठातील स्टीफन ओकीफ यांच्या गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या बाबतीत सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी २० आफ्रिकी-अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील २० लोकांच्या आहाराची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केली. अमेरिकेतील लोकांचा चोथा दिवसाला सुमारे १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेला, तर आफ्रिकेतील लोकांच्या ताटात मांस व चरबी वाढून चोथा कमी झाला. दोनच आठवड्यांत पहिल्या गटाच्या विष्ठेतील ब्युटिरेट अडीचपट झाले, दुसऱ्या गटाचे निम्म्यावर आले, आणि आतड्याच्या अस्तरातील दाहाच्या खुणा पहिल्या गटात कमी झाल्या, तर दुसऱ्यात वाढल्या. म्हणजे आतडे लवकर सुधारते, आणि हयगय केली तर तितक्याच लवकर बिघडतेही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्या व फळे सुचवते. आधी तीन दिवस आपण नेहमी जसे खातो तसेच खावे आणि वहीत लिहून ठेवावे. चहा-बिस्कीट, पोहे, पोळी-भाजी, वरण-भात असा दिवस असेल, तर बेरीज २५ च्या बरीच खाली राहिलेली दिसेल, कारण १०० ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात चोथा जेमतेम ३ ग्रॅम असतो. तेवढ्याच ज्वारीत १० ग्रॅम, बाजरीत व नाचणीत ११ ग्रॅमच्या आसपास, अख्ख्या मुगात १७ ग्रॅम आणि अख्ख्या हरभऱ्यात २५ ग्रॅम असतो. हे सर्व आकडे न शिजवलेल्या धान्याचे आहेत. यावरून हिशोब सोपा होतो: १०० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या, ४० ग्रॅम मुगाची उसळ, एक मध्यम पेरू आणि दोन वाट्या भाज्या एवढ्यावर आपण ३० ग्रॅमपर्यंत पोहोचतो. घरच्या गव्हाचे, न चाळलेले पीठ वापरत असाल तर पोळीही चांगलीच आहे. चाळणीत उरलेला कोंडा फेकून देण्याची सवय तेवढी सोडावी.

यात बहुतेकांची चूक होते ती घाईची. व्हॉट्सअ‍ॅपवर काही वाचून एकाच दिवशी सकाळी मोड आलेले कडधान्य, दुपारी राजमा आणि रात्री सॅलड असे सुरू केले की पोट फुगते, गुडगुडते, आणि 'मला हे बाधते' असा कायमचा निष्कर्ष निघतो. चोथा आंबवणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात दिवसातील फक्त एक जेवण बदलावे, उदाहरणार्थ रात्रीच्या भाताऐवजी एक भाकरी. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड अर्धी वाटी उसळ घ्यावी, तिसऱ्यात ती रोज करावी, आणि भाज्यांचे प्रमाण त्यानंतर वाढवावे. साधारण दर आठवड्याला ५ ग्रॅमपेक्षा अधिक वाढ नको. सोबत पाणी वाढवणे आवश्यक आहे, कारण कोरडा चोथा बद्धकोष्ठ कमी करण्याऐवजी वाढवतो.

उसळीने पोटात वायू होण्याचे कारण कडधान्यातील रॅफिनोज व स्टॅकिओज या साखरा आहेत. त्या पचवणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसते, त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात आणि तेथे आंबतात. मटकी किंवा मूग सकाळी भिजत घालावेत, रात्री ते पाणी फेकून द्यावे, स्वच्छ पाण्याने एकदा धुवावेत आणि ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधून झाकून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी फडके सोडले की मोड तांदळाच्या दाण्याएवढे आलेले असतात, तेवढे पुरेत. भिजवल्याने आणि मोड आल्याने या साखरा बऱ्याच कमी होतात. ज्यांचे पोट नाजूक आहे त्यांनी वाल आणि राजम्याऐवजी मुगापासून सुरुवात करावी, आणि मोड कच्चे न खाता शिजवूनच खावेत.

आंबवलेल्या पदार्थांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी प्रौढांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांनी दहा आठवडे दही, केफिर, किमची यांसारखे आंबवलेले पदार्थ वाढवले, त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहाशी संबंधित १९ प्रथिने घटली. केवळ चोथा वाढवलेल्या गटात तेवढ्या काळात विविधता वाढली नाही. त्यामुळे दोन्ही एकत्र घेणे मला योग्य वाटते. यासाठी परदेशी बरण्या आणण्याची गरज नाही; आपल्याकडे विरजण आहे. दूध उकळून, स्वच्छ बोट बुडवले तर सोसवेल इतके कोमट होऊ द्यावे, अर्ध्या लिटरला एक लहान चमचा विरजण घालून नीट ढवळावे आणि भांडे न हलवता उबेला ठेवावे. उन्हाळ्यात सहा तासांत दही लागते, थंडीत रात्र जाते. या दह्यातील जिवाणू आतड्यात कायम वस्ती करत नाहीत, बहुतेक पुढे निघून जातात, म्हणूनच ताक रोज हवे. कढी केली की उकळीने ते मरतात, इडली-ढोकळ्याचेही तसेच. हे पदार्थ त्यामुळे वाईट ठरत नाहीत, पण ताकाचे काम ते करत नाहीत. तेल आणि मिठात मुरवलेल्या लोणच्याला तर या हिशोबात धरूच नये. त्यातील मीठ रक्तदाबाला भारी पडते.

चोथा आणि आंबवण दोन्ही एकाच भांड्यात मिळवायचे असेल तर नाचणीची आंबील करावी. चार चमचे नाचणीचे पीठ वाटीभर ताकात गुठळ्या मोडून कालवावे आणि रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी त्यावर बारीक बुडबुडे दिसतात आणि आंबूस वास येतो. दोन वाट्या पाणी उकळायला ठेवून त्यात ठेचलेला लसूण, जिरे व मीठ घालावे, आंबलेले पीठ धार धरून सोडावे आणि डाव सतत फिरवत ठेवावा, नाहीतर तळाशी धरते. रंग गडद होऊन चकाकी आली की आंबील शिजली. ती कोमट झाल्यावरच वरून वाटीभर ताजे ताक घालावे, म्हणजे शिजवताना गेलेले जिवाणू परत मिळतात. वडील सुरुवातीला गूळ मागत असत. आठवड्याभरात त्यांना लसणाची चव पुरू लागली.

भात पूर्ण सोडण्याचा आग्रह मी धरत नाही. शिजवून गार केलेल्या भातात आणि बटाट्यात न पचणारा स्टार्च वाढतो, जो चोथ्यासारखाच जिवाणूंच्या वाट्याला जातो, आणि पुन्हा गरम केल्यावरही त्यातील काही भाग टिकतो. मात्र रात्रभर ओट्यावर राहिलेला भात खाऊ नये. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, उबदार हवेत वाढतात आणि त्यांचे विष फोडणी देऊनही जात नाही. भात शिजल्यापासून तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच संपवावा.

विविधतेचाही हिशोब ठेवावा. 'अमेरिकन गट प्रोजेक्ट' (इंग्रजी 'गट' म्हणजे आतडे) या मोठ्या पाहणीत, आठवड्याला ३० हून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणू दहापेक्षा कमी खाणाऱ्यांहून अधिक विविध आढळले. हा आकडा ऐकून घाबरू नये. मराठी स्वयंपाकात ज्वारी, बाजरी, नाचणी, चार डाळी, मटकी, चवळी, मेथी, शेपू, अंबाडी, गवार, घेवडा, दुधी, जवस, कारळे, तीळ, शेंगदाणे असे मोजत गेले की अर्ध्याहून अधिक वाट सहज संपते. चिमूटभर गोडा मसाला घालून त्यातील प्रत्येक जिन्नस वेगळा मोजणे मात्र स्वतःची फसवणूक आहे. जवसाची चटणी चमचाभर रोज खाल्ली तर ती नक्की मोजावी. उपवासाच्या दिवशी हे सगळे कोलमडते, कारण साबुदाण्यात चोथा जवळपास नसतोच आणि साखर वेगाने वाढते. त्या दिवशी राजगिरा, शिंगाडा, रताळे यांतून निवडावे, आणि सोबत काकडीची कोशिंबीर व ताक घ्यावे.

जिवाणूंना मारणाऱ्या गोष्टींत पहिले नाव अँटिबायोटिकचे. जिवाणूंमुळे न्यूमोनिया झाला असेल तर ते घ्यावेच लागते आणि डॉक्टरांनी सांगितलेला डोस मध्येच सोडू नये. पण विषाणूमुळे झालेल्या सर्दीवर ते काहीही करत नाही, आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने दोन-तीन गोळ्या आणून घेण्याची आपली सवय घातक आहे. एका कोर्सनंतर बहुतेक जिवाणू काही आठवड्यांत परततात, काही जाती मात्र परतत नाहीत. प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणू भरलेली, कॅप्सूल हा त्यावरचा सरसकट उपाय नाही. २०१८ साली वाइझमन संस्थेतील प्रयोगात, अँटिबायोटिकनंतर अशा कॅप्सूल घेणाऱ्यांचे मूळ जिवाणू पूर्ववत होण्यास उलट अधिक वेळ लागला. विष्ठेची महागडी जिवाणू-तपासणी करून आहार ठरवून घेण्यातही मला आज अर्थ दिसत नाही; तेवढ्या पैशांत वर्षभराची कडधान्ये येतात.

काही जणांनी हे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कडधान्ये व फळांतील पोटॅशियमचा विचार करावा लागतो. आतड्याला सूज असेल, तेथे अरुंदपणा असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर अधिक चोथा त्रासदायक ठरू शकतो. जे आधीच इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत आहेत, त्यांची साखर आहार बदलल्यावर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून पहिल्या महिन्यात ती घरी अधिक वेळा तपासावी. शौचातून रक्त जाणे किंवा कारण नसताना वजन घटणे यावर आहाराचे प्रयोग करू नयेत, थेट तपासणी करून घ्यावी.

पहिला फरक पोट साफ होण्यात दिसतो, बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. साखरेसाठी मात्र थांबावे लागते. एचबीए१सी ही तपासणी रक्तातील साखरेची मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे महिन्याभरात ती करून निराश होऊ नये. सुरुवातीला एकदा करावी, तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करावी, आणि दोन्ही अहवालांसोबत आहाराची वही डॉक्टरांपुढे ठेवावी.