लंडनमध्ये फिरताना: आधी कार्डाचा हिशेब, मग नकाशा

लंडनला उतरलेला प्रत्येकजण पहिल्या दिवशी विचारतो, "तिकीट कुठे काढायचं?" रोजच्या प्रवासाला इथे तिकीट असं काढावं लागत नाही. पिवळ्या रीडरवर कार्ड टॅप करायचं, आत जायचं, बाहेर पडताना पुन्हा टॅप करायचं. मागे ट्रान्सपोर्ट फॉर लंडन, म्हणजे इथे सगळे जिला टीएफएल म्हणतात ती संस्था, तुमच्या टॅपांवरून भाडं ठरवत असते. ते कसं ठरतं हे एकदा नीट समजून घेतलं की नकाशा सवयीने जमतो. पण नकाशा पाठ केला आणि भाड्याकडे लक्षच दिलं नाही, तर दर महिन्याला थोडेथोडे पौंड उगाच जात राहतात आणि कळतही नाही. म्हणून आधी पैशाचंच सांगते.

एका माणसाचं एकच कार्ड

बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड, फोन, घड्याळ किंवा टीएफएलचं आधी पैसे भरून वापरायचं निळं ऑयस्टर कार्ड, यांतलं काहीही चालतं. मोठ्या माणसाला भाडं सगळ्यांवर सारखंच. दिवसाला भाड्याची एक कमाल मर्यादा असते, तिला इथे 'कॅप' म्हणतात. ती गाठली की त्या दिवशीचा पुढचा प्रवास फुकट. आठवड्याचीही कॅप असते आणि हा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो. बुधवारपासून मोजून सात दिवस असं चालत नाही.

आता गोम अशी, की यंत्राच्या लेखी तुमचं प्लास्टिकचं कार्ड आणि फोनमध्ये घातलेलं तेच कार्ड ही दोन वेगळी कार्डं आहेत. घड्याळ तिसरं. बँक खातं एकच असलं तरी यंत्राला त्याच्याशी घेणंदेणं नाही. सकाळी फोनने आत गेलात आणि संध्याकाळी चार्जिंग संपलं म्हणून प्लास्टिकने बाहेर पडलात, तर दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींवर कमाल भाडं, म्हणजे एक टॅप राहिला की लागणारं सर्वांत जास्त भाडं, लागू शकतं. शिवाय दिवसाची कॅप दोन कार्डांत विभागली जाते, म्हणजे कुठलीच गाठली जात नाही. म्हणून एक साधन निवडा आणि तेच वापरा. नवरा-बायको एकत्र जात असाल तर दोघांची दोन कार्डं हवीत. एका कार्डावर दोन माणसं गेटमधून जात नाहीत.

भारतातलं कॉन्टॅक्टलेस कार्ड सुरुवातीला चालेल, पण बहुतेक बँका परकीय चलनाचं शुल्क वर लावतात. इथलं खातं उघडलं की नव्या कार्डावर या, आणि बदल सोमवारी सकाळी करा. गुरुवारी केलात तर त्या आठवड्याची कॅप अर्धी जुन्या कार्डावर, अर्धी नव्यावर राहील. टीएफएलच्या साइटवर खातं उघडून कार्ड नोंदवून ठेवा. कुठला प्रवास कसा धरला ते दिसतं, आणि टॅप राहून गेला असेल तर दुरुस्ती मागता येते.

बस आणि ट्रामला फक्त चढताना टॅप. उतरताना काही नाही. ट्यूब (म्हणजे भुयारी रेल्वे), ओव्हरग्राउंड, एलिझाबेथ लाइन आणि डीएलआर (डॉकलंड्स लाइट रेल्वे) या गाड्यांना मात्र दोन्हीकडे. डीएलआरच्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नाहीत. फलाटाजवळ नुसता एक खांब आणि त्यावर रीडर. गप्पांच्या नादात माणूस सरळ रस्त्यावर येतो आणि कमाल भाडं लागतं.

काही स्टेशनांवर गुलाबी रीडर दिसतील. बहुतेकजण त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत, आणि तिथेच पैसे सोडतात. भाड्यासाठी शहराचे झोन, म्हणजे पट्टे, पाडलेले आहेत. सर्वांत महाग झोन १, म्हणजे शहराचा मध्य. तुम्ही तो टाळून बाहेरच्या मार्गाने गेलात हे यंत्राला आपोआप कळत नाही. उदाहरणार्थ, रिचमंडहून स्ट्रॅटफर्डला दोन्ही प्रकारे जाता येतं. मधे गाडी बदलताना गुलाबी रीडरवर टॅप केलं तर बाहेरून गेल्याचं स्वस्त भाडं लागतं. हा टॅप म्हणजे प्रवास संपवणं नव्हे; शेवटी बाहेर पडताना नेहमीचा टॅप करायचाच.

गर्दीच्या वेळेचं भाडं जास्त: सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९.३० आणि दुपारी ४ ते संध्याकाळी ७. मोजली जाते ती आत शिरतानाची वेळ. ऑफिसने सूट दिली असेल तर ९.२५ ला गेटपाशी पोचल्यावर पाच मिनिटं थांबा.

तिशीच्या आतल्यांनी रेलकार्ड, म्हणजे रेल्वेचं सवलतीचं कार्ड, जरूर घ्यावं. ते ऑयस्टरला जोडलं की गर्दीची वेळ सोडून भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला रेलकार्ड दाखवा, तो यंत्रावर जोडून देतो. बँकेच्या कार्डाला मात्र ते जोडता येत नाही, त्यामुळे रेलकार्डवाल्याने ऑयस्टरच वापरावं. विद्यार्थ्यांसाठी वेगळं स्टुडंट ऑयस्टर असतं. त्यावर पासला सूट मिळते, पण तुमचं कॉलेज त्या योजनेत असायला हवं.

टॅप न करता सापडलात तर दंड १०० पौंड, २१ दिवसांत भरला तर ५०. "मी इथे नवीन आहे" हे वाक्य तपासनिसाने रोज ऐकलेलं असतं.

भाडेकरार सही करण्याआधी

मराठी माणसं साधारण कुठे घर बघतात ते ठरलेलं आहे: हॅरो, वेम्ब्ली, हाउन्स्लो, इलफर्ड, क्रॉयडन, स्लाव. कारणंही ठरलेली: वाणसामान, शाळा, ओळखीची माणसं आणि मध्य लंडनपेक्षा कमी घरभाडं. पण घरभाड्यातला फरक प्रवासात किती परत जातो ते कागदावर मांडल्याशिवाय हो म्हणू नका.

हॅरो-ऑन-द-हिल झोन ५ मध्ये आहे, तरी वाटतं तितकं लांब नाही. मेट्रोपॉलिटन लाइनला फास्ट गाड्या आहेत, त्या मधली लहान स्टेशनं सोडतात. ठाण्या-डोंबिवलीच्या माणसाला फास्ट आणि स्लो समजावून सांगायला नको; इंडिकेटर बघायची सवय आहेच. याच स्टेशनवरून चिल्टर्न या रेल्वे कंपनीची गाडीही मॅरिलबोनला जाते, तीही वेगाने. ऑफिस त्या बाजूला असेल तर ट्यूबपेक्षा तीच बरी. थोड्या अंतरावरच्या हॅरो अँड वील्डस्टोनहून युस्टनला जलद गाड्या आहेत. एकाच गावात दोन स्टेशनं आणि दोन वेगळी जगं. तुमचं ऑफिस कुठे, त्यावरून घर कुठल्या स्टेशनजवळ हवं ते ठरवा.

स्लावबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. स्लाव लंडनमध्ये नाही, ते बर्कशरमध्ये आहे. २०२२ च्या मे महिन्यात एलिझाबेथ लाइनचा मधला भुयारी भाग सुरू झाला. आता स्लावहून एका गाडीत बसून थेट लिव्हरपूल स्ट्रीट आणि कॅनरी वॉर्फपर्यंत जाता येतं, त्यामुळे बँकांत काम करणारे बरेचजण तिकडे गेले. जलद गाडी हवी असेल तर ग्रेट वेस्टर्न रेल्वेची पॅडिंग्टनपर्यंत आहे. पण तिकडे कॉन्टॅक्टलेस चालतं आणि ऑयस्टर चालत नाही. हीथ्रोचा फाटा सोडला तर त्या बाजूला ऑयस्टरची हद्द वेस्ट ड्रेटनला संपते. ऑयस्टर नाही म्हणजे वर सांगितलेली रेलकार्डाची सूट टॅप करून मिळत नाही. त्यासाठी त्या दिवसाचं वेगळं तिकीट काढावं लागतं. स्लावचं घरभाडं कमी असतं हे खरं, पण आठवड्यातले पाचही दिवस शहरात जायचं असेल तर त्यातलं बरंचसं रेल्वेला जातं. दोन दिवस जायचं असेल तर गणित जमतं.

हाउन्स्लोला पिकॅडिली लाइन आहे. शहरात जायला वेळ खाते, पण हीथ्रो हाकेच्या अंतरावर, आणि तिकडे जाताना झोन १ लागत नसल्याने भाडंही बेताचं. इलफर्डला एलिझाबेथ लाइन आली आणि त्या भागाचं नशीब बदललं. क्रॉयडनला ट्यूब नाही म्हणून नाक मुरडू नका. ईस्ट क्रॉयडनहून लंडन ब्रिज आणि व्हिक्टोरियाच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की ट्यूबवाल्यांनी हेवा करावा. फक्त दक्षिणेकडे बहुतेक रेल्वेचं राज्य आहे, तिचे दर ट्यूबपेक्षा वेगळे आहेत, आणि एकाच प्रवासात रेल्वे व ट्यूब दोन्ही वापरलीत तर भाडं वाढतं. म्हणून क्रॉयडनला राहणाऱ्याने ऑफिस लंडन ब्रिजपासून चालत येण्याजोगं आहे का ते बघावं.

घर पसंत पडलं की एकदा ऑफिसच्या वेळेला तिथून प्रवास करून बघा. रविवारी दुपारी एजंटबरोबर बघितलेलं स्टेशन आणि सोमवारी सकाळी आठचं स्टेशन यांत फार फरक असतो. वार्षिक पासाची घाई नको. आठवड्यातून दोन-तीन दिवसच जाणार असाल तर टॅप करत राहणंच बहुधा स्वस्त पडतं.

नकाशावर किती विश्वास ठेवावा

ट्यूबचा प्रसिद्ध नकाशा हॅरी बेकने आखला, तो १९३३ साली छापला गेला. त्यात स्टेशनांचा क्रम खरा आहे, अंतरं खरी नाहीत. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं भुयारात जेमतेम अडीचशे-तीनशे मीटर अंतरावर आहेत. तिथे गाडीची वाट बघण्यापेक्षा चालत आधी पोचाल. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून जिन्याने जायचा मोह होतो. तो गोल जिना १९३ पायऱ्यांचा आहे.

नॉर्दर्न लाइन ही नवख्यांची परीक्षा. कॅमडन टाउन ते केनिंग्टन यांच्या मधे तिच्या दोन शाखा आहेत, एक 'बँक' नावाच्या स्टेशनवरून आणि एक चेरिंग क्रॉसवरून. कॅमडनच्या उत्तरेला पुन्हा दोन फाटे, एजवेअर आणि हाय बार्नेट. समजा, किंग हेन्रीज रोडवरचं आंबेडकर हाउस बघायला निघालात. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब जिथे राहत होते ते हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. जवळचं ट्यूब स्टेशन चॉक फार्म, म्हणजे एजवेअरची गाडी हवी. बार्नेटची पकडलीत तर कॅमडनला उतरून बदला किंवा तिथूनच चालत जा. गाडीच्या तोंडावर आणि फलाटावरच्या पाटीवर शेवटचं स्टेशन आणि शाखा दोन्ही लिहिलेलं असतं, तेवढं वाचून चढायचं.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची. याबाबतीत लंडनकर चिडतात, एरवी कोणी काही बोलत नाही.

बस, आणि आई-बाबा येतात तेव्हा

नवे लोक बसकडे दुर्लक्ष करतात ते मला कधी कळलं नाही. मार्च २०२३ मध्ये एका बसप्रवासाचं भाडं १.७५ पौंड झालं. कितीही लांब जा, भाडं एकच. पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे लागत नाहीत. रोख मात्र २०१४ पासून घेत नाहीत. हात दाखवायचा, पुढच्या दाराने चढायचं, उतरायच्या आधी लाल बटण दाबायचं. वेळ लागतो, पण शहर कळतं ते बसच्या वरच्या मजल्यावरूनच.

भारतातून आई-बाबा येतात तेव्हा तर बसच बरी. ट्यूबच्या २७२ स्टेशनांपैकी सुमारे एक तृतीयांश स्टेशनांवरच पायऱ्यांशिवाय वरखाली जाता येतं. नकाशावर चाकाच्या खुर्चीची दोन चिन्हं असतात: एक फलाटापर्यंत पायऱ्या नसल्याचं, दुसरं थेट गाडीच्या दारापर्यंत नसल्याचं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी या दोन्हींतला फरक मोठा असतो. "कृपया मला बसायला जागा द्या" अशा अर्थाचा निळा बिल्ला टीएफएलकडून फुकट मिळतो, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. तो लावला की बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच वाढते. साठीच्या पुढच्यांना फुकट प्रवास असतो हे खरं, पण तो लंडनच्या रहिवाशांना. पाहुणे म्हणून आलेल्यांना नाही. त्यांना एकेक ऑयस्टर घेऊन द्या. नातवंडांची काळजी नको: अकरा वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाबरोबर ट्यूबमध्ये फुकट जातात, एका मोठ्यामागे चारपर्यंत.

हीथ्रोहून त्यांना आणताना पिकॅडिली स्वस्त आणि संथ, एलिझाबेथ लाइन थोडी महाग पण डबे मोकळे आणि वातानुकूलित, बॅगा नीट मावतात. हीथ्रो एक्स्प्रेस पॅडिंग्टनला पंधरा मिनिटांत पोचवते, पण भाडं पिकॅडिलीच्या कित्येक पट आहे. तिलाही तेच कार्ड चालतं, त्यामुळे घाईत चुकून टॅप करून चढणारे बरेच.

रात्री उशीर झाला तर शुक्रवारी आणि शनिवारी व्हिक्टोरिया, ज्युबिली, सेंट्रल, नॉर्दर्न आणि पिकॅडिली या लाइन रात्रभर चालतात, त्याही पूर्ण लांबीने नाही. मेट्रोपॉलिटन त्यात नाही, हे हॅरोकरांनी लक्षात ठेवावं. बाकीच्या रात्री एन अक्षराच्या बसेस. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवण्याची इथे पद्धत आहे, तेव्हा कार्यक्रमाला निघण्याआधी फोनवर त्या दिवसाची स्थिती बघा. ट्यूब पंधरा मिनिटं किंवा त्याहून जास्त उशिरा पोचली आणि चूक त्यांची असली तर भाडं परत मागता येतं. अर्ज २८ दिवसांत करायचा. बहुतेकजण आळसाने करत नाहीत.

आणि २५ डिसेंबरला ट्यूब नाही, बस नाही, काहीच चालत नाही. भारतात जायचं स्वस्त तिकीट नेमकं त्याच दिवशीचं मिळतं. विमानतळापर्यंतच्या टॅक्सीचे पैसे धरून ते खरंच स्वस्त आहे का ते बघा, आणि टॅक्सी आठवडाभर आधी सांगून ठेवा.